नगीना घासण्यापूर्वी दगड ओळखा

खंभातचा अकीक असो वा जयपूरला घडलेला पाचू, नगीन्याला भाव मिळतो तो त्याच्या झिलईमुळे. सर्व दगड एकाच रीतीने घासले तर मात्र मालही जातो आणि मेहनतही.

जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली दगडांच्या कठीणपणाचे १ ते १० असे क्रमांक ठरविले. वरच्या क्रमांकाचा दगड खालच्यावर ओरखडा काढतो, एवढाच त्याचा अर्थ. पोवळे ३ ते ४, फिरोजा ५ ते ६, अकीक साडेसहा ते ७, पाचू साडेसात ते ८, माणिक व नीलम ९, हिरा १०. हे क्रमांक सारख्या अंतराचे नाहीत. ९ आणि १० मध्ये एकाचाच फरक दिसतो, पण हिरा माणकाहून कित्येक पटींनी कठीण आहे. म्हणूनच माणिक-नीलमच्या झिलईला हिऱ्याची पूड वापरतात. अकिकाला सेरियम ऑक्साइड चालते.

साध्या धुळीतही गारेचे कण असतात व त्यांचा क्रमांक ७. त्यामुळे फिरोजाच्या अंगठीची चमक रोजच्या वापराने उतरते. ही गोष्ट गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळीच सांगावी. मागाहून तक्रार येत नाही.

कठीण म्हणजे मजबूत नव्हे. टोपाझ ८ क्रमांकाचा, पण एका ठोक्याने सरळ दुभंगतो. पाचूच्या चिरांत बहुधा तेल भरलेले असते. चाकावर तापला तर तेल निघून चिरा उघड्या पडतात. ओपल उष्णतेने तडकतो. अशा दगडांना दाब हलका व पाणी भरपूर हवे.

जाड पुडीवरून बारीक पुडीवर जाताना दगड, हात व काठी स्वच्छ धुवावी. जाड पुडीचा एक कण राहिला तरी झिलईवर रेघ उमटते.

शेवटची गोष्ट जिवाची. अकिकाची कोरडी धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खंभातच्या कारागिरांत हा रोग तपासण्यांतून आढळला आहे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. पाण्याखाली घासावे, धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा आणि मुलाबाळांना चाकापासून दूर ठेवावे. पंख्याचा खर्च एकदाच होतो. गेलेला श्वास परत येत नाही.