मक्याच्या माणसांचा मुलूख आणि निळा समुद्र

श्रावणात बांधावर कणसं भाजताना, हा मका आपल्याकडे आला कुठून, असा विचार तुमच्या मनात कधी डोकावला आहे का? सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी एका रानगवतातून निवडून निवडून हे पीक घडवलं. एकटा मकाच नव्हे बरं का! आपली मिरची, पपई, पेरू, सीताफळ ही मंडळीही अमेरिका खंडातलीच. आणि दोरखंडासाठी बांधावर लावतात तो घायपात? त्याच्या वाखाला बाजारात ‘सिसल’ म्हणतात, ते मेक्सिकोतल्या सिसाल बंदराच्या नावावरून. ते बंदर ज्या युकातान द्वीपकल्पात आहे, तिथेच आज आपण जाऊ या.

युकातानच्या पूर्व किनाऱ्यावर कानकून नावाचं शहर आहे. जगभरचे लोक तिथे चार दिवस मजा करायला येतात. १९७० साली इथे मूठभर माणसं, नारळाची झाडं आणि वाळूचा लांबच लांब पट्टा एवढंच होतं. परदेशी पैसा देशात यावा म्हणून सरकारने ही जागा हेरली, पूल बांधले, विमानतळ केला, आणि १९७४ पासून हॉटेलं उघडू लागली. आज त्या शहराची वस्ती नऊ लाखांच्या घरात आहे.

समुद्र मात्र पाहत राहावा असा. मोरपिशी निळा, काठाशी इतका नितळ की पायाची बोटं दिसतात. वाळू पिठासारखी पांढरी. प्रवाळ आणि शिंपल्यांचा तो चुरा आहे, म्हणून भर दुपारीही पाय भाजत नाहीत. मनगटावर हॉटेलचा पट्टा बांधला की खाणंपिणं दिवसभर मोकळं. संध्याकाळी गिटार आणि कर्णे घेऊन वादक येतात, ओळखपाळख नसलेली माणसं हात धरून नाचतात, आजीआजोबाही मागे राहत नाहीत. पोहता येत असेल तर तोंडाला काच लावून प्रवाळाच्या रांगेवर तरंगावं. रंगीत माशांचे थवे अंगाला घासून जातात.

पण एवढं पाहून परतलात तर अर्धाच मुलूख पाहिलात. एक दिवस पहाटे उठा आणि दोनशे किलोमीटरवरच्या चिचेन इत्साला जाणारी बस धरा. आठ वाजता दार उघडतं. ऊन चढायच्या आणि गर्दी लोटायच्या आत पोचलेलं बरं, कारण आत सावली कमी. दगडांवर आपल्या घोरपडीएवढे सरडे ऊन खात पडलेले असतात.

समोर उभा राहतो तो कुकुलकान देवाचा पायऱ्यांचा मनोरा, जवळजवळ शंभर फूट उंच. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, म्हणजे ३६४, आणि वरचा चौथरा धरून ३६५. वर्षाचे दिवस! मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा कलत्या उन्हाचे त्रिकोण उत्तरेकडच्या जिन्याच्या कठड्यावर पडतात. एखादा साप सळसळत खाली उतरून पायथ्याच्या दगडी फण्याला मिळावा तसं ते दिसतं. वर चढायला २००६ पासून बंदी आहे. पायथ्याशी टाळी वाजवा, पाखराच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो.

हे सारं माया लोकांनी हजार वर्षांपूर्वी बांधलं. त्यांच्याकडे बैल नव्हता, घोडा नव्हता, गाडी नव्हती, लोखंड नव्हतं. दगडाने दगड घडवला आणि माणसांनी तो वाहिला. शून्याचा अभिमान आपल्याला आहे, आणि तो रास्तच आहे. पण मायांनीही आपलं शून्य स्वतंत्रपणे शोधून शिंपल्याच्या खुणेने लिहिलं होतं.

दिवस मोजायची एवढी हौस त्यांना का असावी? मला वाटतं, याचं उत्तर त्यांच्या शेतात आहे. तिथली शेती म्हणजे ‘मिल्पा’. रान तोडायचं, वाळवायचं, पाऊस यायच्या आत जाळायचं आणि टोकदार काठीने भोकं पाडून मका टोकायचा. ताटावर घेवडा चढतो, खाली भोपळ्याचे वेल जमीन झाकतात. दोनतीन वर्षं पीक घेतलं की ते रान पुन्हा वाढायला सोडून द्यायचं. जाळायच्या आधी पाऊस आला तर रान जळत नाही, आणि टोकल्यावर पाऊस लांबला तर बी जातं. अशा ठिकाणी दिवस मोजणाऱ्याला मान मिळणारच.

शिवाय युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नदीच नाही. सगळी भुई चुनखडीची. पडलेलं पाणी झिरपून खाली जातं. कुठे कुठे वरचा खडक कोसळून खोल डोह उघडे पडले आहेत, त्यांना ‘सेनोते’ म्हणतात. चिचेन म्हणजे ‘विहिरीच्या तोंडाशी’. गावाचं नावच पाण्यावरून! तिथल्या पवित्र डोहात पावसाचा देव चाक याच्यासाठी सोनंनाणं, हिरवे मौल्यवान दगड आणि माणसंही वाहिली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोहाचा गाळ उपसला, तेव्हा दागिन्यांबरोबर मुलांची हाडंही निघाली. इथे मात्र पाय आपोआप थबकतात.

जवळपासच्या दुसऱ्या डोहांत तुम्हाला पोहता येतं. वेलींची मुळं वरून लोंबत असतात, पाणी थंडगार. उतरण्याआधी अंगाला चोपडलेलं मलम धुवायला लावतात, कारण गावांच्या विहिरींनाही हेच पाणी. हा नियम मला फार आवडला.

नवव्या-दहाव्या शतकात दक्षिणेकडची माया नगरं एकामागून एक ओस पडली. तलावांच्या तळचा गाळ तपासल्यावर त्या काळी वारंवार मोठे दुष्काळ पडल्याच्या खुणा मिळाल्या. लढाया होत्या, जंगलतोडही होती. पाऊस आणण्याचा शब्द देणारे राजे संपले, पण शेतकरी संपला नाही. ‘लुप्त झालेली माया जमात’ असं आपण वाचतो ते चूक आहे. एकट्या मेक्सिकोत आजही साडेसात लाखांहून अधिक लोक युकातानची माया भाषा बोलतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून, त्याच्या भाकऱ्या थापतात. पाऊस लांबला की रानात वेदी मांडून चाकला बोलावतात आणि वेदीपाशी लहान मुलगे बसवतात. ती मुलं बेडकांसारखी ओरडतात. मुसळाला बेडूक बांधून धोंडी मागत फिरणारी आपली पोरं आठवतात की नाही?

आता पुन्हा त्या हॉटेलकडे वळू. सकाळी तुमची चादर बदलणारी बाई, बाग शिंपणारा माळी, भिंत बांधणारा गवंडी यांतले बरेच जण याच माया खेड्यांतून आलेले असतात. आठवडा-पंधरवड्याने घरी जातात. पगार रोख असतो, तो पावसावर अवलंबून नसतो. कोण दोष देईल? पण टोकणीला घरी हात उरत नाहीत. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर गावांना मिळालेली सामाईक जमीन विकता येत नसे. १९९२ साली कायदा बदलला, आणि किनाऱ्याजवळच्या कितीतरी जमिनी हॉटेलवाल्यांकडे गेल्या. ज्यांनी विकल्या त्यांची मुलं त्याच जागी वेटर म्हणून उभी आहेत, असंही घडलं आहे. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर जागेचे भाव विचारत फिरणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

समुद्रालाही सगळं मान्य नसावं. २००५ च्या विल्मा वादळाने कानकूनची वाळूच ओढून नेली. ती समुद्रतळातून उपसून पुन्हा पसरावी लागली. अलीकडे उन्हाळ्यात तपकिरी शेवाळाचे ढीग किनाऱ्याला लागतात आणि कुजून वास मारतात. म्हणून डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, वादळांचा हंगामही सरलेला असतो.

त्याहून उशिरा, पेरणीच्या तोंडावर गेलात, तर युकातानच्या खेड्यांत बियाण्यांची जत्रा भरली आहे का, याची चौकशी जरूर करा. २००२ च्या इसिडोर वादळात पिकं आणि साठवलेलं गावठी बी वाहून गेलं, त्यानंतर या जत्रा सुरू झाल्या. पांढरा, पिवळा, तांबडा, जांभळट मका, घेवड्याचे आणि भोपळ्याचे दाणे मांडून म्हातारे शेतकरी बसलेले असतात. हे बी कुठल्या जमिनीत किती दिवसांत येतं, ते सांगतात, आणि ओंजळभर बियाच्या बदल्यात ओंजळभर बी घेतात.