मॉप पिळायचा कसा?

प्रोजेक्टचा विषय विचारला की आपल्याकडे रोबोट नाहीतर सोलर कार, यापुढे गाडी जात नाही. मी मात्र एका घरगुती वस्तूवर लिहिणार आहे: फरशी पुसायचा मॉप. हसू नका! आपल्या होस्टेलचा व्हरांडा रोज पुसणाऱ्या मावशींना विचारा, सगळ्यात कठीण काम कोणतं? पुसणं नाही, पिळणं.

नीट पिळलं नाही तर काय बिघडतं? जास्तीचं पाणी फरशीवर राहतं, वाळायला वेळ लागतो, तोवर कोणीतरी घसरतं, नाहीतर चपलांचे काळे ठसे उमटतात. शिवाय आपण राहतो खारपाणपट्ट्यात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातल्या भागात जमिनीतलं पाणी खारं. फरशीवरचं पाणी उडून जातं, क्षार मात्र तिथेच राहतात आणि पांढरे डाग दिसतात. म्हणजे मागे पाणी जितकं कमी, तितके डाग कमी.

आता थोडं मेकॅनिक्स. कापड पिळताना आपण टॉर्क देतो, म्हणजे बल गुणिले त्रिज्या. समजा पिळा ३ सेंमी जाड आहे, म्हणजे त्रिज्या दीड सेंमी. ३ न्यूटन-मीटर टॉर्क हवा असेल तर हाताने २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. त्यात ओलं कापड निसटतं, म्हणून मूठ आणखी आवळायची. दिवसभर हेच केलं तर मनगट दुखणारच. तोच टॉर्क १५ सेंमीच्या दांडीने दिला तर २० न्यूटन पुरतात, म्हणजे दोन किलो. फिजिक्स तेच, फक्त त्रिज्या वाढली.

हे आधीही लोकांना सुचलं होतं. अमेरिकेत थॉमस स्टुअर्टने १८९३ मध्ये तरफेने पिळता येणाऱ्या मॉपचं पेटंट घेतलं. स्पेनमध्ये बायका गुडघे टेकून फरशी पुसायच्या. तिथे १९५६ मध्ये मान्युएल खालोन या विमानांच्या इंजिनिअरने दांडीचा मॉप आणि पिळायची सोय असलेली बादली बाजारात आणली. आधी रूळ होते, पुढे बादलीच्या तोंडावर भोकांचा शंकू आला. १९९० मध्ये जॉय मँगॅनो या अमेरिकन बाईंनी हात ओला न करता दांडीवरूनच पिळता येणारा मॉप काढला.

शंकू म्हणजे आपली लाकूड फोडायची पाचरच, पण उलटी. वरून दाबलं की भिंती बाजूंनी आवळतात. भिंत उभ्या रेषेपासून १५ अंश कललेली असेल आणि घर्षण सोडून दिलं, तर पाचरीच्या हिशोबाने प्रत्येक बाजूला वरच्या जोराच्या जवळपास दुप्पट दाब मिळतो. आणि वरचा जोर मनगटाचा नाही, अंगाच्या वजनाचा!

हल्लीचा स्पिन मॉप याहून वेगळा. त्यात दांडी खाली दाबली की आतल्या पिळाच्या सळीमुळे मॉप गरगर फिरतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. त्रिज्या १० सेंमी आणि मिनिटाला ३०० फेरे धरले तर पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १० पट जोर येतो. वॉशिंग मशीनचा ड्रायर असाच चालतो. पण आपल्याकडच्या काळ्या मातीचे बारीक कण प्लास्टिकच्या फिरत्या भागात गेले की ते झिजतात, आणि झिजल्यावर सुटा भाग मिळेलच असं नाही.

म्हणून होस्टेलसाठी माझं मत शंकूला. मावशींना हे चित्र काढून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "पिळनं एकीकडं बाप्पा, पन ते भरली बादली उचलनं कोन करते?" मुद्दा बरोबर आहे. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो, वर बादलीचं वजन वेगळं. म्हणजे डिझाइनमध्ये आणखी दोन गोष्टी हव्यात: बादलीखाली चाकं, आणि तळाशी तोटी, म्हणजे बादली उचलून ओतायला नको. शिवाय शंकू वेगळ्या रिकाम्या बादलीवर बसवायचा, नाहीतर पिळलेली घाण परत स्वच्छ पाण्यात.

कुणाला मिनी प्रोजेक्ट करायचा असेल तर टेस्टही सोपी आहे. मॉप कोरडा असताना वजन करा, भिजवून पिळा, परत वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे मॉपमध्ये उरलेलं पाणी. तेवढाच जोर लावून ज्यात कमी पाणी उरेल, तो मॉप चांगला.

पण शेवटचा मार्क आपल्या सरांच्या हातात नाही. आठवडाभर वापरून मावशींनी तो मॉप कोपऱ्यात ठेवला आणि परत फडकं हातात घेतलं, तर आकडे कितीही छान असोत, आपलं डिझाइन नापास.