बाणाचा वेग वाढवायचा की नेम पक्का करायचा? मोबाईलवर मोजून बघा

साताऱ्याच्या अदिती स्वामीने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या १७ व्या वर्षी, कंपाऊंड तिरंदाजीत जागतिक विजेतेपद मिळवलं. माझा मावसभाऊ साताऱ्यात हाच खेळ खेळतो. निवड चाचणीच्या तोंडावर वेग वाढावा म्हणून त्याने बाणांना हलकी टोकं बसवली. बाण सुसाट सुटायला लागले, पण नेम बिघडला! मी सांगलीहून गेलो तर म्हणाला, "दादा, तू मोबाईलवर लिहितोस ना? मग याचा वेग मोजून दे."

वेग कसा मोजला?

१. फोन तिरंदाजाशेजारी, मारण्याच्या रेषेमागे ठेवा. रेकॉर्डिंग चालू करा.
२. वेव्हफॉर्म दाखवणाऱ्या ॲपमध्ये दोन ठोके दिसतील: एक दोरी सुटल्याचा, दुसरा बाण लागल्याचा.
३. दोन्हींतल्या वेळेतून ०.१४५ सेकंद वजा करा. ५० मीटरवरून आवाज परत यायला साधारण तेवढाच वेळ लागतो.
४. ५० ला उरलेल्या वेळेने भागा. झाला सरासरी वेग!

जुने बाण सेकंदाला ८० मीटर जात होते, नवे ८४. पण नव्या बाणांत आपापसात दीड मीटरपर्यंत फरक! सराफाच्या काट्यावर वजन केलं तेव्हा कारण कळलं. नव्या बाणांच्या वजनात जवळपास एक ग्रॅमची तफावत होती.

एवढ्याने काय बिघडतं?

८४ च्या वेगाने ५० मीटर जाताना बाण पावणेदोन मीटर खाली येतो. ते साईट सांभाळते, कारण अंतर ठरलेलं असतं. पण वेग दीड मीटरने बदलला की बाण सहा सेंटिमीटर वर-खाली लागतो. दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून चारच. गेला ना दहा!

जास्त वेगाचा फायदा आहेच, वाऱ्याला कमी वेळ मिळतो. पण बाण फारच हलका केला तर धनुष्यालाही धोका. कंपनीने दिलेल्या किमान वजनाखाली जाऊ नका.

रायफलमध्येही तेच. पॉइंट २२ ची मॅच गोळी मुद्दाम ध्वनीपेक्षा हळू ठेवतात, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते. परदेशात काही नेमबाज काडतुसं घरी भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

भावाने जुनी टोकं परत लावलीत. चाचणी रविवारी आहे. तुम्हीही आधी वजन जुळवा, वेगाचं नंतर बघू!