भरतीपुरती भाषा

राज्यसत्तेला प्रजेच्या भाषेची आठवण केव्हा होते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाने विचारावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मागणी-पुरवठ्याचा नियम भाषेलाही चुकत नाही. पहिल्या महायुद्धातील वेल्स हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१९११ च्या शिरगणतीत तेथे ९,७७,३६६ माणसे, म्हणजे शेकडा ४३ हून अधिक लोक, वेल्श बोलणारे होते. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवीत. १९१४ साली युद्ध पेटले, फौजेला माणसे हवी झाली आणि त्याच भाषेतील भित्तिपत्रके वेल्सच्या तरुणांना साद घालू लागली. भरती झालेल्यांनी वेल्श बोलण्यावर मात्र लष्कराने बंधने घातली. त्यावरून लॉइड जॉर्ज यांना युद्धमंत्री किचनेर यांच्याशी वाद घालावा लागला. न्यायालयात वेल्शमधून बोलण्याचा मर्यादित हक्क मिळाला तो १९४२ मध्ये; १९६७ च्या कायद्याने तो विस्तारला. प्राण मागणारे पत्रक आधी आले. न्याय देणारा कायदा पाव शतकाहून अधिक काळाने!

आपल्याकडेही निराळे घडले नाही. त्या काळच्या एका प्रसिद्ध उर्दू भित्तिपत्रकावर गणवेश, बंदूक व पैसे दाखवून, हे कोण घेणार, असा सवाल केला होता. भरती होईल तो, हे त्याचे उत्तर. शिपायाचे मासिक वेतन ११ रुपये होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तेवढी रोकड म्हणजे मोठाच आधार. १८९० नंतरच्या दशकात ज्या महार समाजाला सैन्याचे दरवाजे बंद करण्यात आले, त्यालाच १९१७ मध्ये पुन्हा बोलावून १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध सरले, गरज सरली. १९२१ मध्ये पलटण मोडली. पुढे १९४१ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, महार रेजिमेंट उभी राहिली.

भित्तिपत्रकांमुळे उपेक्षित भाषेला छापील प्रतिष्ठा लाभली, असा युक्तिवाद कोणी करील. त्यात तथ्य आहे. पण गरजेपुरती मिळालेली प्रतिष्ठा गरजेबरोबरच ओसरते.

हे सारे परकीयांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली. आता सत्तेची भाषा आपलीच आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वांगणीसारख्या गावी जावे. या भागात कित्येक घरांत वारली किंवा कोकणा बोलली जाते. मते मागणारा उमेदवार त्या बोलीतील चार शब्द आवर्जून पाठ करतो. त्याच घरचे मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा त्याचा शब्द अशुद्ध ठरतो. गळ्यात पाटी नसते, इतकाच फरक. शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात या माणसांना त्यांच्या बोलीत समजावून सांगणारे कोणी असावे, यासाठी आणखी एखाद्या युद्धाची वाट पाहण्याचे कारण नाही.