जादू आटल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत मी मुख्यतः इंग्रजी फँटसी कादंबऱ्या वाचल्या. काही नव्या, बऱ्याचशा जुन्या, दोन-तीन तर असे ठोकळे की झोपून वाचायची सोय नाही. आता हिशेब मांडायला बसले तर त्यांतल्या लढाया आणि राज्याभिषेक एकमेकांत मिसळून गेलेत. कोणता ड्रॅगन कुणाचा, तेही पटकन सांगता येणार नाही. ठळक आठवतात त्या जागा, जिथे कुणाची तरी शक्ती आटते. मंत्र ओठांवर येत नाही, पोटातला धातू संपतो, देवाला भक्त उरत नाही. अशा वेळी लेखक काय करतो, यावर माझी आवडनिवड ठरत गेली.

महाभारतावर वाढलेल्या वाचकाला ही खोड असतेच. मौसलपर्वात द्वारकेच्या बायकांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर चालून येतात, हातात नुसत्या काठ्या घेऊन. गांडीव चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, कधीच न संपणारे बाण संपतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवल्या जातात. एकदा हे वाचलं की नुसत्या जिंकणाऱ्या वीरांचं फारसं अप्रूप राहत नाही.

तेव्हा वर्षातलं सगळ्यात चांगलं पुस्तक आधीच सांगून टाकते: अर्सुला ले ग्विनचं ‘टेहानू’. तिच्या ‘अर्थसी’ मालिकेचे पहिले तीन भाग १९६८ ते १९७२ या काळात आले. बकऱ्या राखणारा गेड जादूगारांच्या शाळेत जातो, घमेंडीपोटी नको तो प्रयोग करून एक काळी सावली मोकळी सोडतो आणि मग तिच्याशी झुंजत मोठा होतो. तिसऱ्या भागात, महाजादूगार झालेला हाच गेड जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधलं भगदाड बुजवताना आपली सगळी विद्या खर्चून टाकतो. मालिका तिथेच थांबली असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ले ग्विन परतली ती हे सांगायला की त्यानंतर तो माणूस जगला कसा.

तो येतो ड्रॅगनच्या पाठीवरून, पण शुद्ध हरपलेला. त्याची शुश्रूषा करते टेनार. दुसऱ्या भागात ती अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण होती. आता शेतकऱ्याची विधवा आहे आणि तिने एक पोर सांभाळायला घेतलीय, थेरू, जिला तिच्याच माणसांनी विस्तवात ढकललं होतं. राज्याभिषेकासाठी गेडला न्यायला राजाची माणसं येतात, तर हा लपून बसतो. लाज वाटते त्याला. मग डोंगरावर बकऱ्या राखायला निघून जातो. पुढे एका रात्री टेनारच्या घरावर गुंड चालून येतात, तेव्हा त्याच्या हातात मंत्राची काठी नसते, गवताचं दाताळं असतं. इतकी भीती मला वर्षभरातल्या कुठल्याही महायुद्धाच्या प्रकरणात वाटली नाही. आणि खरं तर पुस्तक टेनारचंच आहे. शक्ती गेलेल्या पुरुषाचं काय होतं, ते ले ग्विन आपल्याला जिच्याकडे तशी शक्ती कधी नव्हतीच अशा बाईच्या घरात बसवून दाखवते. फक्त शेवट मला पटला नाही. ज्या आधाराशिवाय माणसं पुस्तकभर उभी राहिली, तोच आधार ऐनवेळी पंख पसरून आकाशातून उतरतो.

जाता जाता एक. गेड तांबूस-सावळ्या कातडीचा आहे. ले ग्विनने हे पहिल्या पुस्तकापासून ठरवून केलेलं. तरी कित्येक मुखपृष्ठांवर तो गोरा झाला, आणि २००४ च्या टीव्ही मालिकेतही त्याला गोराच नट मिळाला. तिने यावर जाहीरपणे तोंडसुख घेतलं, ते योग्यच केलं.

टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या ४१ कादंबऱ्या आहेत. त्या क्रमाने वाचायलाच हव्यात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) उचला. महान देव ओम बैलाच्या रूपात प्रकटायला निघतो आणि होतो कासव. त्याच्या नावाने अख्खं राज्य चाललंय, मंदिरं आहेत, पुरोहितांची उतरंड आहे, पाखंड्यांसाठी छळखाने आहेत. पण त्याच्यावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच माणूस उरलाय, ब्रूथा नावाचा निरक्षर शिकाऊ पुजारी. बाकी सगळे भितात ते छळखान्याला. एकाच भक्तावर देवाची ताकद किती चालणार? कासव तावातावाने शिव्याशाप देतं आणि जगाचं काहीही बिघडत नाही. छळखान्याचा प्रमुख व्होर्बिस याला एकदा हे कासव दिसतं. तो शांतपणे ते उताणं करतो, पुन्हा सुलटं होता येऊ नये म्हणून बाजूंना खडे लावतो आणि काय होतं ते बघत राहतो. राग नाही, द्वेष नाही, नुसतं कुतूहल. वर्षभर भेटलेल्या सगळ्या काळ्या झग्यातल्या खलपुरुषांपेक्षा मला हा जास्त भयंकर वाटला.

याच पुस्तकात भक्त न मिळालेले देव वाळवंटात नुसते आवाज होऊन फिरतात, वाटसरूंच्या कानाशी एका तरी भक्तासाठी विनवण्या करतात. गावाबाहेर शेंदूर उडालेला एखादा म्हसोबा दिसला की आता मला ते आठवतात. प्रॅचेटला लोक विनोदी लेखक म्हणतात आणि तो आहेच. पण हे पुस्तक रागातून लिहिलंय, आणि तो राग देवावर नाही, त्याच्या नावाने दुकान थाटणाऱ्यांवर आहे.

ब्रँडन सँडरसनचं प्रकरण वेगळं. लेखकाला जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला आधी नीट कळलेली हवी, असा त्याचा नियमच आहे. ‘मिस्टबॉर्न’च्या पहिल्या भागात (२००६) तो ते चोख करून दाखवतो. आकाशातून राख पडतेय, रात्री धुकं दाटतंय आणि व्हिन नावाची भुरटी चोर मुलगी धातूचा कीस मिसळलेलं द्रावण गिळून तो पोटात ‘जाळायला’ शिकतेय. पोलाद जाळलं की आसपासचा धातू मनाने ढकलता येतो. खाली टाकलेलं नाणं जमिनीला टेकलं की ते आणखी खाली जाऊ शकत नाही, म्हणून ढकलणारीच वर उडते. हे इतकं सरळ की दोन प्रकरणांत आपणही मनातल्या मनात गच्च्यांवरून उड्या मारू लागतो. माझी अडचण पुढची. धातू संपला की व्हिन दुसरी कुपी तोंडाला लावते. संपतो तो साठा. माणसात काही हलत नाही. त्यात पात्रांनी सतत भुवया उंचावायच्या. अर्थात माझ्या कुरकुरीला कोण विचारतो? २०२२ मध्ये त्याच्या चार नव्या कादंबऱ्यांसाठी वाचकांच्या वर्गणीतून ४ कोटी १७ लाख डॉलर जमले.

एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’ने (२०१५) आणि तिच्या पुढच्या दोन भागांनी सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार पटकावले. तिथे भूकंप थोपवणारी माणसं शक्तीसाठी भोवतालची उष्णता ओढून घेतात आणि शेजारी उभा असलेला गोठून मरतो. कल्पना जबरदस्त. पुस्तकाबद्दल आदर वाटला, जीव जडला नाही.

सुझॅना क्लार्कच्या ‘पिरानेसी’वर (२०२०) मात्र जडला. अंत नसलेलं एक घर: दालनामागून दालनं, संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र, वरच्यांवर ढग. त्यात राहणारा माणूस भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवतो, समुद्रशेवाळाचं सूप करतो, तिथल्या तेरा मृतांच्या अस्थींना नेमाने फुलं-पाणी नेतो. आठवड्यातून दोनदा त्याला भेटायला येतो तो झकपक सुटातला ‘दुसरा’. त्याला या घरातून एक गुप्त ज्ञान उपसायचंय. घर त्याच्या लेखी खाण आहे. नायकाला ते ज्ञान नकोसंच होतं, आणि तिथून पुस्तक फिरतं. पुढचं सांगत नाही. ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ या तिच्या आधीच्या, तळटीपांनी गच्च भरलेल्या कादंबरीनंतर (२००४) मधली कितीतरी वर्षं क्लार्क आजारीच होती. तिच्या नायकाला थोडक्यात सुखाने राहता येतं, ते मला उगाच रचलेलं वाटलं नाही.

अपूर्ण मालिकांना या वर्षी हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. मार्टिन आणि रॉथफस या दोन्ही लेखकांच्या मालिकांचे आलेले शेवटचे भाग २०११ चे, आणि वाचक अजून ताटकळताहेत. म्हणून रॉबिन हॉबची पूर्ण झालेली त्रयी घेतली (१९९५ ते १९९७). राजपुत्राचा अनौरस मुलगा फिट्झ गुपचूप मारेकरी म्हणून तयार होतो. पण मला धरून ठेवलं ते त्याच्या काकाने. व्हेरिटी मनोऱ्याच्या खिडकीशी बसून नुसत्या मनाच्या जोरावर समुद्रावरच्या चाच्यांची जहाजं भरकटवतो, दिवसचे दिवस. खायचं विसरतो, कपडे अंगावर लोंबायला लागतात आणि दरबाराला वाटतं, हा राजपुत्र रिकामाच बसून असतो. असं झिजणं हॉबइतकं चांगलं कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. तिसऱ्या भागात मात्र चाल, चाल आणि चाल. शे-दीडशे पानं बिनदिक्कत कापता आली असती.

तरीही तिची पुढची, जहाजांची त्रयी आता सुरू केलीय. त्यातली जहाजं बोलतात, चिडतात, रुसतात. पण जहाजात जीव यायचा, तर आधी मालकाच्या घरातल्या सलग तीन पिढ्यांमधलं एकेक माणूस त्याच्या डेकवर मरावं लागतं. कर्ज काढून घेतलेलं जहाज, फिटायला पिढ्या लागणार, आणि पहिल्याच प्रकरणांत वारसाहक्कावरून भाऊबंदकी. हे मला सोसेल असं वाटतंय.