खिशातला फोन हीच उसाची डायरी



फोन आता बहुतेकांच्या खिशात आहे. बोलणे झाले की तो परत खिशात जातो. पण त्यातच वही, कॅलेंडर आणि गजरही आहे, तिकडे आपले लक्ष कमीच जाते.

पूर्वी फोन आणि डायरी या दोन वेगळ्या वस्तू होत्या. १९९४ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने ‘सायमन’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्यात फोन, पत्त्यांची वही आणि कॅलेंडर एकत्र होते. वजन मात्र अर्धा किलो! १९९६ साली नोकियाचा ‘कम्युनिकेटर’ आला. पुढे हे यंत्र हलके आणि स्वस्त होत गेले, आणि आज ते अचलपूर-अंजनगावच्या बांधावर पोचले आहे.

ऊसवाल्याला त्याचा काय उपयोग? कोल्हापूरकडच्या वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली गावोगावी संगणक केंद्रे निघाली. नंतर तिथल्या सात गावांत आठ महिने तेच काम साध्या मोबाईल संदेशांवर करून पाहिले. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ते जास्त सोयीचे वाटले.

आपणही निदान तीन नोंदी फोनमध्ये ठेवाव्यात.

१. लागवडीची तारीख, गट नंबर, जात आणि क्षेत्र. तोडणीचा क्रम तारखेवरून लागतो. तारीख चुकली की पाळी मागे जाते, ऊस उभा वाळतो आणि वजन घटते.

२. वजनपावती हाती पडताच तिचा फोटो. कागद घामाने पुसतो, फोटो पुसत नाही.

३. ऊस पोचल्यापासून चौदाव्या दिवसाचा गजर. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे वेगळा करार नसल्यास १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. हिशेब दोन्हीकडे लिहिलेला असला म्हणजे वाद राहत नाही, म्हणून हे आम्ही मुद्दाम सांगतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. अकोल्याच्या उन्हाळ्यात फोन ट्रॅक्टरवर उन्हात ठेवू नका, बॅटरी खराब होते. आणि फोन हरवला तर नोंदीही जातात, म्हणून त्या घरच्या वहीतही उतरवा. जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरा-पोरीला जवळ बसवा. दहा मिनिटांचे काम आहे.

गाळप सुरू होण्याआधी फोनमधली लागवडीची तारीख गट कार्यालयातल्या नोंदीशी एकदा ताडून घ्या. फरक निघाला तर तो तेव्हाच दुरुस्त होतो. तोडणी टोळी फडात उतरल्यावर नाही.