गोठ्यावरचा माळा : झोपण्याआधी एवढं बघूया



आपल्या डोंगरातल्या गावांतली घरं कशी असतात ते तुम्हाला सांगायला नको. एकाच छपराखाली निम्म्यात माणसं, निम्म्यात जनावरं, आणि गोठ्याच्या डोक्यावर माळा. जे कुठे मावत नाही ते माळ्यावर जातं. पेंढा, गोवऱ्या, फुटकी घमेली, सासूबाईंच्या लग्नातली ट्रंक. पूर्वी थंडीच्या दिवसांत घरातली पोरं तिथंच निजायची, कारण खालच्या जनावरांची ऊब वर यायची.

आता माणसं वाढली, घर तेवढंच राहिलं. दहावीतल्या मुलीनं अभ्यासाला बसायचं कुठं? पाहुणे आले की लेकी-सुनांनी अंग टाकायचं कुठं? म्हणून बऱ्याच घरांत माळा रिकामा करून झोपायची सोय करायचं चाललं आहे. ते चांगलंच आहे. पण आधी आमच्या गटात काय झालं ते ऐका.

आमच्यातल्या एका ताईंनी गेल्या पावसाळ्यात गटातून तीन हजार रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. माळ्याच्या कुजक्या फळ्या बदलल्या, दिवा लावला, मुलीचं अंथरूण वर टाकलं. पेंढा ठेवायला दुसरी कोरडी जागा नव्हती, म्हणून तो माळ्याच्या मागच्या निम्म्यात तसाच राहिला. तिसऱ्या रात्री डास फार होते. ताईंनी नेहमीप्रमाणे घमेल्यात निखारे घेऊन कडुनिंबाचा पाला टाकला आणि गोठ्यात धुरी ठेवली. पाऊस होता, म्हणून दारं-खिडक्या बंद. पहाटे मुलगी शिडी उतरताना झोकांड्या खात होती. डोकं ठणकत होतं, उलटी झाली. घरच्यांना वाटलं, जागरणानं झालं असेल. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “झोपतेस कुठं?”

मुलगी बरी झाली. पण पुढच्या बैठकीत आम्ही वह्या बाजूला ठेवल्या आणि सगळ्याजणी त्यांच्या माळ्यावर जाऊन आलो. तिथं जे समजून घेतलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, खालून वर काय येतं ते. निखारे धुमसत राहिले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. गरम धुराबरोबर तो वर चढतो आणि छपराखाली कोंडतो. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, ही त्याची खूण. अशा वेळी माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ नंबरला फोन करायचा. म्हणून नियम साधा आहे. वर माणूस झोपणार असेल तर खाली धुरी नाही, शेगडी नाही, चूल विझवल्याशिवाय निजायचं नाही. डासांसाठी मच्छरदाणी लावा. जनावरांसाठी धुरी करायचीच असेल तर ती संध्याकाळी, दारं उघडी ठेवून, आणि निजायच्या आधी निखारे पाणी टाकून विझवून बाहेर.

दुसरा वायू आपल्या ओळखीचा आहे. गोठ्यात शिरलं की डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया. मूत आणि शेण एकत्र साचून कुजलं की तो तयार होतो. हवेपेक्षा हलका, म्हणून तोही वरच येतो. त्यानं खोकला लागतो, दमेकऱ्याला फार त्रास होतो. उपाय आपल्या हातात आहे. गोठ्याच्या जमिनीला उतार द्या, मूत नालीवाटे बाहेरच्या खड्ड्यात जाऊ द्या, शेण दोन वेळा काढा. माळ्याच्या खाली, भिंतीत वरच्या अंगाला समोरासमोर दोन झरोके ठेवा. मग वास वर चढायच्या आधीच वाऱ्यानं बाहेर जातो. फळ्यांच्या फटींवर बांबूची चटई टाकून सारवून घ्या. झोपायच्या बाजूलाही उघडणारी खिडकी हवीच, आणि माणूस बाहेर पडेल एवढी मोठी हवी. शिडीकडून आग लागली तर तीच दुसरी वाट.

आता पेंढ्याचं. मैत्रिणींनो, माळ्यावर एक तर वैरण ठेवा, नाहीतर माणूस झोपवा. दोन्ही एकत्र नको. एक ठिणगी, एक उघडी वायर, एवढंच पुरतं. शिवाय ओलसर गवत दाबून रचलं की ते आतून आपोआप तापतं, आणि फार तापलं तर कोणी काडी न लावता पेटूही शकतं. गंजीत लोखंडी सळई खुपसून दहा-पंधरा मिनिटांनी काढा. हाताला धरवत नसेल तर गंजी धोक्यात आहे. अशी गंजी एकटीनं उपसायला जाऊ नका, कारण वारा लागला की ती भडकते. चार माणसं आणि पाणी जवळ असू द्या. ताईंच्या पेंढ्यासाठी आम्ही शेजारच्या पडवीत बांबूचं मचाण बांधलं. एक दिवसाचं काम झालं.

आता माळ्याला पेलतं किती ते बघा. तुळया रुमालानं पुसा आणि काठीनं ठोका. पोकळ आवाज आला किंवा खाली पिठासारखा भुसा पडत असला तर वाळवी नाहीतर भुंगा लागला आहे. सुताराला दाखवल्याशिवाय कोणी वर जायचं नाही. धान्याचं एक पोतं ५० किलोचं. चार पोती म्हणजे दोन क्विंटल. असं वजन मधोमध नको, भिंतीच्या कडेला, तुळईच्या टोकापाशी ठेवा. डोकं आपटतं म्हणून तुळई कापून घेण्याचा शहाणपणा तर कधीच करू नका.

शिडीचा हिशोब चाराला एक. माळा आठ फूट उंच असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून दोन फूट बाहेर. शिडी माळ्याच्या वर तीन फूट यायला हवी, म्हणजे उतरताना धरायला होते. वरचं टोक बांधून टाका. माळ्याच्या मोकळ्या कडेला तीन फुटांचा कठडा करा. त्याच्या फटीतून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये. सहा वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई आणि बाळंतीण यांनी खालीच झोपावं.

वर झोपण्याचा एक मोठा फायदाही सांगतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा चावलेलं कळतही नाही. उंचावर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपलं तर हा धोका बराच कमी होतो. पण वर धान्य सांडलं की उंदीर येणार, आणि उंदरामागे साप. म्हणून झोपायची जागा रोज झाडायची, खाऊ वर न्यायचा नाही.

शेवटी, वरून खाली काय पडतं तेही पाहा. माळा नेमका गव्हाणीवर असतो. वरून पडलेला खिळा किंवा तारेचा तुकडा गाईनं वैरणीबरोबर गिळला तर तो पोटातून पुढे काळजापर्यंत टोचतो. फवारणीची औषधं तर माळ्यावर नकोतच, गळली तर खाली जनावर आणि वर माणूस, दोघांना धोका. विजेची वायर पाइपातून घ्या. उंदीर कुरतडतात.

मुलीला जागा मिळावी म्हणून ताईंनी कर्ज काढलं, यात त्यांचं चुकलं नव्हतं. आता ती पुन्हा वरच झोपते. छपरात एक काचेचं कौल बसवलंय, त्यामुळे दिवसा दिव्याशिवाय वाचता येतं. कर्जाचे दोनच हप्ते राहिलेत.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला माळा बघून यायचं. खाली निखारा आहे का, शेजारी पेंढा आहे का, तुळई धड आहे का, शिडी बांधलेली आहे का. या चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा, आणि जिथं अडेल तिथं गट म्हणून एकमेकींच्या घरी हात लावायला जाऊ.